एकाच एडिटरची जागा

कारखान्यात थंड हवेची खोली एकच होती आणि ती माझ्यासाठी नव्हती, यंत्रासाठी होती. चेअरमनच्या केबिनमध्येसुद्धा पंखाच होता. खोलीबाहेर 'चपला काढाव्यात' अशी पाटी मी धुळीच्या भीतीने लावली होती, पण येणारेजाणारे सभासद तिचा अर्थ वेगळाच घेत. चपला काढून काचेतून आत बघत, कपाटाएवढ्या त्या यंत्राला लांबूनच हात जोडत आणि निघून जात. आत कोणी येत नसे. मी वाईचा, देवळांच्या गावात वाढलेला. देवळात निदान पुजाऱ्याशी कोणीतरी दोन शब्द बोलतं. माझ्याशी तेवढंही कोणी बोलत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर हा शब्द आमच्या भागात वर्तमानपत्रात भेटायचा, तोही क्वचित. पुण्यात मी त्यातलं थोडंफार शिकलो होतो, आणि इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याने हौसेने तसलं यंत्र घेतलं होतं. शेतकऱ्यांच्या ऊस-नोंदी त्यावर करायच्या होत्या. पुण्याच्या मित्रांनी मला वेड्यात काढलं. मोठा भाऊ म्हणाला की नोकरी ती नोकरी, पगाराशी मतलब. आई आदल्या वर्षीच गेली होती. वाईच्या घरात आता भाऊ, वहिनी आणि भिक्षुकी करणाऱ्या भावाच्या यजमानांची वर्दळ. मी तिथे पाहुणा झालो होतो. त्यामुळे जाऊ नको असं मनापासून म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं.

कॉलनीत मला एक खोली मिळाली. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने सांगलीला जायचो, कृष्णेवरच्या पुलावर उभा राहायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. वाईच्या घाटावरून वाहणारं पाणीच पुढे इथे येतं, हे मला भूगोलाच्या पुस्तकामुळे ठाऊक होतं. पण नदीकडे बघून तसं काही वाटायचं नाही. घरच्यासारखं वाटण्यासाठी नुसतं पाणी पुरत नाही.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. ते जागं करायचं तर रोज सकाळी त्याला भोकं पाडलेली कागदी टेप खिलवावी लागे. या मूळ टेपेवर अगदी गरजेचं तेवढंच ठेवायचं असतं. यंत्राने टेप वाचावी, टंकयंत्रावर उमटलेलं समजून घ्यावं, कागदावर छापावं, एवढ्यापुरत्या सूचना, आणि एक एडिटर. एडिटर म्हणजे मजकूर लिहायची, खोडायची, दुरुस्त करायची सोय. तो नसेल तर एक अक्षर चुकलं तरी सगळी टेप पहिल्यापासून काढायची. यंत्राची स्मरणशक्ती इतकी तोकडी की दोन एडिटर ठेवले तर शेतकऱ्यांच्या नावांना जागाच उरली नसती. एकच ठेवायचा, आणि तो कुठला ते मी ठरवायचं. चीफ अकाउंटंटना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं की कारखान्याला एडिटर कशाला हवा, आपण काय पेपर काढतोय का.

माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात दोन एडिटर होते. एक कंपनीचा, यंत्राबरोबर आलेला. तो बडबड्या होता. प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा, दुरुस्ती केली की ओळ पुन्हा छापून दाखवायचा, चुकलं तर कुठे चुकलं ते सांगायचा. जागाही भरपूर खायचा. पण त्याचं जाडजूड पुस्तक होतं आणि टायपिंग येणारा कोणीही कारकून ते पुस्तक वाचून त्यावर बसू शकला असता. दुसरा पुण्याचा. आम्ही तिघा मित्रांनी शिकताना तो लिहिला होता. हा घुमा. चुकलं तर नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकायचा आणि गप्प बसायचा. छोटासा, चटपटीत, पण त्याचं पुस्तक म्हणजे आमची डोकी, आणि त्यातली दोन आता मुंबईला. आपला तो बाब्या या न्यायाने मला हाच आवडायचा. स्वभावानेही तो माझ्यावरच गेला होता, असं मित्र म्हणत.

हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून मी निर्णय पुढे ढकलत होतो आणि तूर्त कंपनीच्या एडिटरवर काम चाललं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला मला मदतनीस म्हणून एक हवालदार मिळाले.

ते फौजेतून निवृत्त झालेले, तिथल्या सिग्नल विभागात टेलिप्रिंटर, म्हणजे तारेने संदेश पाठवायचं टंकयंत्र, चालवलेले. गाव जतच्या पुढे, अगदी कर्नाटकाच्या हद्दीवर. वाडवडील मेंढरं राखायचे, भाऊ अजून राखत होते. कारखान्यात ते काट्यावर, म्हणजे ऊस वजन करायच्या जागी, पावत्या लिहायचे. हंगाम नसताना तिथे काय काम, म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण मला साहेब म्हणायचा. खाकी शर्टाला कडक इस्त्री, गळ्याभोवती मफलर, चष्मा दोरीने बांधलेला. आत आले, यंत्राच्या टंकावर हात ठेवले, आणि खडखडखड अशी ओळ काढली की मी बघतच राहिलो.

बोलणं फारसं नव्हतं. मला सवय नव्हती आणि त्यांनी आग्रह धरला नाही. तरी खोलीत दुसऱ्या माणसाचा खोकला असणं, खुर्ची सरकल्याचा आवाज असणं, ही चैन मला नवी होती. ते ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आणायचे आणि न विचारता अर्धी माझ्यापुढे सरकवायचे. संध्याकाळी त्यांची वेळ संपली तरी मी उठेपर्यंत बसून राहायचे. मला वाटायचं, टेलिप्रिंटरसारखे टंक पुन्हा हाताखाली आल्यामुळे माणसाचा पाय निघत नाहीये. मी मुद्दाम थोडा जास्त वेळ बसायला लागलो.

त्यांची एक सवय मात्र होती. टेलिप्रिंटरवर खोडायची सोय नसते. तारेवरून गेलेलं अक्षर परत येत नाही. म्हणून चूक झाली की त्यांच्यात ओळीने आठ वेळा इंग्रजी ई ठोकायची पद्धत, की पलीकडच्या माणसाने समजावं, मागचा शब्द रद्द, आता बरोबर शब्द येतोय. वीस-बावीस वर्षं बोटांना हेच वळण. मी त्यांना एडिटरची रीत दहा वेळा समजावली. त्यांनी दहाही वेळा 'व्हय साहेब' म्हटलं, आणि चूक झाली की बोटं आपली ई-ई-ई करत सुटायची. जित्याची खोड. मग संध्याकाळी ते ई मी एकेक करून काढून टाकायचो. मला त्याचा त्रास नव्हता. खरं तर संध्याकाळला तेवढंच काम.

श्रावणात आईच्या वर्षश्राद्धाला मी वाईला गेलो. नेमकं त्याच दिवशी ऑफिसला एका गटाच्या, म्हणजे आठ-दहा गावांच्या, ऊस-नोंदीची यादी घाईने हवी झाली. हवालदारांनी ती छापून दिली आणि तशीच ती गट-ऑफिसच्या फळ्यावर लागली. इंग्रजी वाचू शकणाऱ्या कोणा शाळकरी पोराने भर चौकात ती मोठ्याने वाचली. एका शेतकऱ्याच्या आडनावाच्या मधोमध आठ ई. तो बिचारा पुढे महिनाभर जिथे जाईल तिथे लोक त्याला विचारत, आप्पा, ऊस नोंदवताना रडला व्हता काय. सगळा गट हसला. हसता आलं नाही ते फक्त चीफ अकाउंटंटना, कारण तो शेतकरी निघाला एका संचालकाचा व्याही.

मी परत आलो तसं त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, ते रागवायचे नाहीतच. एडिटर कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा, आम्हाला त्यातलं कळत नाही, म्हणाले. पण मोळीपूजनाच्या, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या, आत मूळ टेप पक्की होऊन तिची प्रत तिजोरीत गेली पाहिजे, मग हंगाम संपेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. कंपनीचा एडिटर ठेवणार असाल तर टायपिंग पास झालेला एक कारकून देतो आणि हवालदार काट्यावर जातील. तिथे हंगामात माणूस लागतोच. तुमचा तो दुसरा एडिटर जर हवालदारांच्या चुका आवरू शकत असेल तर ते राहू देत तुमच्याकडे.

म्हणजे एडिटर निवडायचा होता तो खरा माझ्या खोलीतली दुसरी खुर्ची कोणाची ते ठरवायला. कंपनीचा ठेवला तर हवालदार जाणार. ते गेले तर पुन्हा मी, ते कपाट आणि काचेपलीकडचे हात जोडलेले लोक. नवा कारकून येणार होता हे खरं, पण तो मी पाहिला होता. साहेबाने विचारल्याशिवाय तो श्वाससुद्धा सोडत नसे.

मी घुम्या एडिटरला हात घातला. त्याला शिकवायचं होतं एवढंच की ओळीने आठ ई आले तर ते लिहू नकोस, त्यांच्या मागचा शब्द गाळ आणि पुढचा घे. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या तोकड्या जागेत एक नवी सूचना घालायची तर दुसरी कुठली तरी काढावी लागायची. शब्द शोधायची सोय काढली. उलट दिशेने जायची सोय काढली. प्रश्नचिन्हसुद्धा काढलं, आता चुकलं तर एडिटर काहीच बोलणार नव्हता. गणपती आले, गेले. कॉलनीत आरत्या व्हायच्या, कोणीतरी प्रसाद दाराशी ठेवून जायचं. मी खोलीत बसून टेपेतली भोकं मोजत होतो.

हवालदार हे सगळं बघत होते. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला ती भेट द्यायची होती. तयार झाली की त्यांच्यासमोर ठेवू, त्यांचा चेहरा बघू, असं मनात घोळवत होतो.

स्वतःशी मी खोटं बोलत नव्हतो. कंपनीचा एडिटर पुष्कळ बाबतींत योग्य होता. मी आजारी पडलो, नोकरी सोडली, तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पुस्तक उघडून काम पुढे नेऊ शकला असता. माझ्या एडिटरवर मी आणि हवालदार सोडून तिसऱ्या माणसाचा निभाव लागणार नव्हता. हजारो शेतकऱ्यांच्या नोंदींचं यंत्र, आणि ते मी दोन माणसांच्या मापाने बेतत होतो. शहाण्या माणसाने हे केलं नसतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि मला माणसाची गरज होती.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. मिलला, बॉयलरला, क्रेनला, तशी माझ्या कपाटालाही झेंडूची माळ आली. फिटर मंडळी हळदकुंकवाचं ताट घेऊन आली तेव्हा टेप वाचणाऱ्या भागावर मी दोन्ही हात आडवे धरून उभा राहिलो. त्यांनी मग माझ्याच हाताला कुंकू लावलं आणि नारळ उंबऱ्याबाहेर फोडला.

दसरा झाल्यावर मी नवी टेप यंत्रात घातली आणि हवालदारांना म्हणालो, एक नाव काढा, आणि मुद्दाम चुका. त्यांना मुद्दाम चुकता येईना. दोन नावं बिनचूक आली. तिसऱ्यात बोट घसरलं, लगेच खडखड आठ ई उमटले, पुढे बरोबर शब्द. मग मी यंत्राला ओळ छापायला सांगितली. स्वच्छ ओळ आली. ई नाही, चुकलेला शब्द नाही.

त्यांनी कागद फाडून घेतला, चष्म्याजवळ नेला, उजेडात धरला. "झ्याक झालंय साहेब," म्हणाले. मग कागदाची नीट घडी घालू लागले. माझाच धीर सुटला. मी सांगून टाकलं की हाच एडिटर मूळ टेपेवर जाणार, म्हणजे आता तुम्हाला काट्यावर जायला नको, इथेच राहायचं.

त्यांनी चष्मा काढला, मफलरने पुसला आणि हातातच ठेवला.

"साहेब, राग मानू नगा. मला काट्यावर जायचंय."

मला वाटलं, त्या यादीवरून झालेली थट्टा त्यांना लागली असेल. मी म्हणालो की लोकांचं काय, लोक विसरले.

"तसं न्हाई वो. हितल्या गारठ्यानं माझं गुडघं धरत्यात. आन आता आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतील. आमच्या गावची माणसं हायती त्यात, भावकी हाय. चार म्हैनं काट्यावर कानडीत बोलाय मिळतंय. त्याची मी वरीसभर वाट बघतोय."

मी विचारलं, मग आधी का बोलला नाहीत. चीफ अकाउंटंटना सांगितलं असतं तर त्यांनी केव्हाच पाठवलं असतं.

"त्यांनी दोनदा इचारलं की. म्याच म्हनलं, ऱ्हाऊ द्या." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पहिल्या दिशी मी हितं आलो तवा तुमी डबा घिऊन भितीकडं त्वांड करून जेवत व्हता. फौजेत लांबच्या चौकीवर एकादं नवं पोरगं आसं जेवाय लागलं की आमी त्याच्यापाशी जाऊन बसायचो. बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं. म्हनलं, पोरगं एकलं हाय, बसू चार दिस."

खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. मी यांची खुर्ची वाचवायला दोन महिने डोळे फोडत होतो आणि इकडे हे माझ्यावर पहारा देत बसले होते. मग वाटलं, भिंतीकडे तोंड करून मी जेवायचो हे मला स्वतःला माहीतच नव्हतं. आई गेल्यापासून माझ्याकडे तेवढं निरखून बघणारा हा एकच माणूस भेटला होता, आणि त्याला जायचं होतं. मी एवढंच म्हणालो की तुम्ही खुशाल काट्यावर जा, मी आता ठीक आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ठीक आहे यावर त्यांचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही, पण साहेबाने सांगितलेलं फौजेतला माणूस ऐकतो.

ते गेल्यावर निवडायला काही उरलंच नाही. मूळ टेपेवर मी कंपनीचा एडिटर घेतला. दोन प्रती काढल्या, एक तिजोरीत गेली. टायपिंग पास झालेला कारकून आला आणि पुस्तक पुढ्यात ठेवून कामाला लागला. त्याचं काही अडलं नाही. अडलंच तर एडिटर त्याला सविस्तर सांगायचा, माझ्यापर्यंत यायची वेळच येत नसे. जेवायला तो कॉलनीतल्या आपल्या घरी जायचा.

मोळीपूजन झालं, चिमणीतून धूर निघाला, सगळ्या आसमंताला मळीचा वास सुटला. काट्यापुढे बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. हवालदार तिथे आहेत हे मला माहीत होतं. तरी आठवडाभर मी गेलो नाही. मग एका संध्याकाळी गेलो.

काट्याच्या खोलीमागे जतकडच्या गाडीवानांनी शेकोटी केली होती. लांबूनच कोणीतरी मोठमोठ्याने हसत असल्याचं ऐकू येत होतं, अगदी पोट धरून, मधेच कानडीत काहीतरी बोलून पुन्हा हसणारं. जवळ गेल्यावर कळलं की ते हवालदार आहेत. सबंध पावसाळा आम्ही एका खोलीत बसलो होतो आणि ते हसणं मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मला बघून गाडीवान गप्प झाले. दोघे-तिघे उठून उभे राहिले. एकाने विडी पाठीमागे लपवली. हवालदारांनी बसल्या जागी सरकून माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाले, "बसा की साहेब." मी बसलो. कोणीतरी माझ्यासाठी उसाचं कांडं सोलून दिलं. मी ते खाल्लं. सगळे शेकोटीकडे बघत होते आणि मी उठायची वाट पाहत होते. थोड्या वेळाने काम आहे असं सांगून मी उठलो. साखरेच्या गोदामापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागे ते हसणं पुन्हा सुरू झालं.